भंडारा रोडची पाटी

वरठीला उतरणारा नवखा माणूस हमखास फसतो. फलाटावरची पाटी सांगते ‘भंडारा रोड’. तो बॅग खांद्याला लावून बाहेर येतो, बसस्टँड विचारतो, तेव्हा कळतं की हे वरठी, तालुका मोहाडी. भंडारा अजून दहाएक किलोमीटर पुढे. हावडा-मुंबई मार्ग शहराला बगल देऊन गेला, त्याची ही करामत. पाटी खोटी नाही. ‘रोड’ हा शब्द तेवढा वाचायचा राहून जातो.

या गावात रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले एक आबाजी राहत, आणि त्यांचा कॉलेजात जाणारा नातू. दिवाळीआधी घराला रंग दिला आणि त्याच संध्याकाळी कॉम्प्युटर रुसला. वायफायचं चिन्ह काठोकाठ भरलेलं, खाली ‘कनेक्टेड’ लिहिलेलं, पण पान एकही उघडेना. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार.

नातवाने ऐकलेलं सगळं करून पाहिलं. मशीन पाचदा बंद-चालू केलं. वायफायचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. शेजारचा राउटरही 6 नंबरच्या चॅनेलवर दिसला, म्हणून आपला 11 वर नेला. (एरवी हे शहाणपणाचंच. 2.4 गिगाहर्ट्झवर 1, 6 आणि 11 एकमेकांच्या पायात येत नाहीत. पण त्या गर्दीने वेग मंदावतो. सगळ्या घराचं इंटरनेट असं ठार बंद पडत नाही.) मग त्याला गुन्हेगार सापडला. शेजारच्या काकूंच्या मुलाला आपला पासवर्ड ठाऊक होता! कुंपणाशी उभं राहून, काकूंच्या देखत, त्याने त्या पोराला ‘फुकट्या’ म्हटलं आणि पासवर्ड बदलून टाकला. पोरगं काही न बोलता आत गेलं. इंटरनेट काही आलं नाही.

आता उरलं राउटरच्या पाठीवरचं रीसेटचं बारीक भोक. तो टाचणी घेऊन वाकला.

“थांब गा,” आबाजी म्हणाले. “कुठवर पोचते ते पायलं का?”

“आबाजी, फुल कनेक्टेड आहे.”

“कोणाले कनेक्टेड?”

नातू गप्प झाला. आबाजींचा जन्म या एका प्रश्नात गेला होता. ट्रॅक सर्किट बिघडलं की सिग्नल लाल होतो. मग मेंटेनर मीटर घेऊन रुळाच्या कडेने एकेका लोकेशन बॉक्सपाशी जातो. जिथवर वीज येते तिथवर सगळं निर्दोष. बिघाड त्याच्या पुढे. दिसेल ती पेटी उघडून तारा ओढणाऱ्याला त्यांच्या खात्यात कोणी हात लावू देत नसे.

नातवाने राउटरच्या पत्त्याला, 192.168.1.1 ला, पिंग केलं. चारही उत्तरं आली. बाहेरच्या पत्त्याला केलं, एकही नाही. त्याच वायफायवर मोबाइलचंही तसंच. म्हणजे कॉम्प्युटर सुटला, वायफाय सुटलं.

“गाडी वरठीले आली,” आबाजी म्हणाले. “भंडाऱ्याचा रस्ता पाय.”

फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा दिवा लाल लुकलुकत होता. बाहेरून प्रकाशच येत नाही, हे तो संध्याकाळपासून सांगत होता. आबाजींनी तार बोटांनी चाचपत नेली. लोखंडी कपाटामागे ती चेपून काटकोनात वळली होती. आत केसासारखी काचेची तार. ऐसपैस वळणावर प्रकाश तिच्यातून निमूट जातो, पण तीव्र घडी पडली की तिथेच बाहेर सांडतो. रंग वाळल्यावर ते कपाट भिंतीला कोणी रेटलं होतं, हे आबाजींनी विचारलं नाही. रेटणाऱ्याला आठवलं.

कपाट वीतभर पुढे आलं, तारेला गोल वळण मिळालं. लाल दिवा विझला, शेजारचा हिरवा स्थिर झाला. काच तुटली नव्हती हे नशीब. दहाच्या आत अर्ज गेला.

“पासवर्ड बदलला म्हणे?” आबाजी सुपारी कातरत म्हणाले.

नातू चपला घालून शेजारी गेला. पाच मिनिटांत परत आला.

“पोचलं का गा?”

“काकू जाग्या होत्या. तोही होता. नवा पासवर्ड लिहून दिला त्याला.” मग थोडं थांबून, खाली पाहत, “वरठीपर्यंत पोचलं, आबाजी.”

“मंग आला कशाले परत?” आबाजींनी अडकित्ता खाली ठेवला. “दार उघडंच आहे त्याइचं.”