सोबत काय न्यायचं

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाला निघणाऱ्याने काय सोडायचं आणि काय न्यायचं ते सांगितलं आहे. अंगाला सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवंडाचं तोंड पाहिलं, की गावचं अन्न आणि घरचा पसारा सोडावा. बायकोला मुलांच्या हवाली करावं, नाहीतर बरोबर न्यावं. घरचा अग्नी मात्र सोडायचा नाही. तो अग्निहोत्राच्या साहित्यासकट घेऊन रानाची वाट धरायची. अग्नीचा त्याग पुढे, नंतर कधीतरी. सांगलीच्या शाळेत मी संस्कृत शिकवत होते, तेव्हापासून हा अध्याय माझ्या वाचनात आहे. पण त्यातल्या अग्नीकडे माझं लक्ष गेलं ते मिशिगनमध्ये, हे ट्रेलरच्या पुढच्या टोकावर प्रोपेनच्या टाक्या बसवत होते तेव्हा.

यांचं सगळं आयुष्य गाड्यांच्या कारखान्यांत गेलं, आधी पिंपरीत आणि मग डेट्रॉईटच्या परिसरात. निवृत्तीनंतर आम्ही एक लहानसा ट्रेलर घेतला. एक पलंग, दोन शेगड्या, बसायला बाक आणि दाराशी आमच्या कुत्र्याची, मोत्याची गादी, एवढंच त्यात मावतं. हिवाळ्यात बर्फ पडू लागला की तो गाडीमागे जोडून आम्ही दक्षिणेला निघतो. केंटकी, टेनेसी, आर्कान्सा असं करत टेक्सासला. वाटेत नातलगांची घरं लागतात आणि शेवटी ह्यूस्टनला लेक आहे. वाट वाकडी न करता गेलं तरी तेराशे मैल होतात. विमानाने एका दिवसात होणारा हा प्रवास आम्ही मुद्दाम लांबवतो.

थंडीत ट्रेलर न्यायचा म्हणजे सगळा अभ्यास अग्नी आणि पाण्याचा. प्रोपेन उणे बेचाळीस अंश सेल्सिअसपर्यंत वायुरूप राहतो, म्हणून कडाक्याच्या थंडीतही शेगडी आणि हीटर चालतो. ब्युटेन शून्याच्या आसपासच हात टेकतो. पाण्याचं उलट. नळ्यांत पाणी राहिलं तर रात्रीत गोठून त्या फुटतात, म्हणून ते सगळं काढून गुलाबी रंगाचं अँटिफ्रीझ भरून ठेवायचं आणि गोठणारा मुलूख मागे पडेपर्यंत कॅनमधलं पाणी जपून वापरायचं. तिसरा अभ्यास वजनाचा. ट्रेलरच्या एकूण वजनातला दहा ते पंधरा टक्के भार पुढे, हिचवर यावा लागतो. कमी आला तर ट्रेलर शेपटासारखा झुलायला लागतो आणि गाडीलाही हेलकावे बसतात. जास्त आला तर गाडीची पुढची चाकं हलकी होतात. त्यामुळे निघण्याआधी प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचार करावा लागतो. पोळपाट-लाटणं येतं, मोठा कुकर राहतो. ज्ञानेश्वरी येते, बाकीची पुस्तकं राहतात.

मोत्याचं नाव या यादीत कधी नसतं. तो सामानात धरलेलाच नाही.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ वेदान्ताचा अभ्यासवर्ग चालवतात. त्यांनी मला एकदा सरळ विचारलं, की ताई, घर पाठीशी बांधलंय, कुत्रं सोबत आहे आणि सोयरेधायरे भेटायला निघालात, मग या वयात सोडलं काय तुम्ही? प्रश्न मनापासून होता आणि मला तो लागला. वय वाढतं तसे पाश कमी करावेत हे मीही लहानपणापासून ऐकत आले आहे. आश्रम म्हणजे चार पायऱ्या आणि वर जाताना खालची पायरी सुटते, हेच चित्र डोळ्यांसमोर असतं.

पण हे चित्र धर्मशास्त्रात सर्वमान्य कधीच नव्हतं. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात आश्रमांविषयीची तीन मतं मांडली आहेत. समुच्चय म्हणजे चारही आश्रम क्रमाने, विकल्प म्हणजे ब्रह्मचर्यानंतर हवा तो निवडावा, आणि बाध म्हणजे खरा आश्रम एकच, गृहस्थाचा. बाधाच्या बाजूला गौतम आणि बौधायनांसारखे जुने धर्मसूत्रकार उभे आहेत. हे वाचल्यावर माझा जीव हलका झाला, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. वानप्रस्थाला मी संन्यासाच्या आधीची पायरी मानत नाही. ती राहण्याची एक स्वतंत्र रीत आहे, अग्नी घेऊन निघण्याची. घरावरचा हक्क सोडायचा, पण ऊब सोडायची नाही.

नॅशव्हिलला माझी थोरली बहीण राहते. तिच्या स्वयंपाकघरात अजून सोवळं आहे, कुळाचार आहेत. कुत्रं उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हणून आम्ही तिच्या ड्राइव्हवेमध्ये ट्रेलर उभा करतो आणि रात्री तिथेच झोपतो. पहिल्यांदा तिला याचं फार वाईट वाटलं. सख्खी बहीण आली आणि बाहेर निजली! मी तिला सरमेची गोष्ट सांगितली. महाभारताच्या आदिपर्वात, कुरुक्षेत्रावर जनमेजयाचं सत्र चालू असताना एक कुत्र्याचं पिलू तिथे येतं आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जातं. आई म्हणजे देवांची कुत्री सरमा. ती भर सत्रात येऊन राजाला जाब विचारते, की माझ्या लेकराने हविर्द्रव्याला तोंड लावलं नाही, त्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मग त्याला का मारलंत? कुणाकडेच उत्तर नसतं आणि सरमा शाप देते. एवढा मोठा ग्रंथ एका निरपराध कुत्र्याच्या माराने सुरू होतो आणि संपत येतो तेव्हा पुन्हा एक कुत्राच वाटेत असतो.

ताईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “अगं, मी मारत नाही त्याला. फक्त आत घेत नाही.” यावर मला काही बोलता आलं नाही आणि अजूनही ती चुकली असं मी म्हणणार नाही. तिचा नेम तिने कुणाला दुखवण्यासाठी धरलेला नाही. संध्याकाळी तिने गार दूधभाताची थाळी मागच्या पायरीवर ठेवली आणि मोत्याचं खाऊन होईपर्यंत शाल गुंडाळून दारात उभी राहिली.

तो दुसरा कुत्रा महाप्रस्थानिक पर्वातला. पांडव आणि द्रौपदी वल्कलं नेसून हस्तिनापुरातून निघतात तेव्हापासून तो मागे चालतो आहे. ते थेट हिमालयात गेले असं पुष्कळांना वाटतं, पण तसं नाही. आधी पूर्वेला समुद्रापर्यंत, मग दक्षिणेला, मग पश्चिमेला बुडालेली द्वारका पाहून, आणि शेवटी उत्तरेला, अशी देशाची सगळी प्रदक्षिणा त्यांनी केली. पूर्वेच्या समुद्राशी अग्नी आडवा येऊन गांडीव परत मागतो. राज्य सोडून निघालेल्या अर्जुनाकडून धनुष्य तेवढं सुटलेलं नव्हतं. तो ते पाण्यात टाकतो, अक्षय भातेही टाकतो. कुत्र्याला टाक असं तिथे त्यांना कुणी म्हणत नाही.

म्हणतो तो इंद्र, अगदी शेवटी, रथ घेऊन आल्यावर. कुत्रा बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही, त्यांचं यज्ञदानाचं पुण्य क्रोधवश नावाचे गण हिरावून नेतात, हा त्याचा नियम. युधिष्ठिर म्हणतो, आश्रयाला आलेल्याला मी माझ्या सुखासाठी सोडणार नाही. तेव्हा इंद्र वर्मावर बोट ठेवतो. भावांना आणि द्रौपदीला सोडून आलास, मग कुत्र्याला का सोडवत नाही?

इंडियानातून लुईव्हिलच्या दिशेने जाताना आमचं यावरच बोलणं चाललं होतं. पुलांआधी पाट्या लागतात, रस्त्याआधी पूल गोठतो म्हणून. पुलाला खालूनही वारा लागतो आणि जमिनीची ऊब मिळत नाही. अशा पुलावर ट्रेलर घेऊन जाताना हे बोलत नाहीत, ब्रेक लावत नाहीत, चाक सरळ धरून सावकाश पार होतात. पूल ओलांडला आणि हे म्हणाले, “धर्मराजाने द्रौपदीसाठी थांबायला हवं होतं. ती पडली आणि हा वळलासुद्धा नाही.”

मलाही ते कायम खुपत आलं आहे. भीम विचारतो, ही का पडली? तर तिचा अर्जुनाकडे ओढा होता म्हणून, असं सांगून हा पुढे चालतो. पाठोपाठ सहदेव, नकुल, अर्जुन पडतात आणि शेवटी भीमही. इंद्राला त्याने दिलेलं उत्तर तर्काने बरोबर आहे: ते मेले होते, मी त्यांना उठवू शकत नव्हतो, जिवंतपणी मी त्यांना टाकलं नाही. पण जिच्यासाठी एवढं युद्ध झालं, तिच्यापाशी घटकाभर टेकायला काय हरकत होती? बाई म्हणून मला हे विचारावंसं वाटतं. व्यासांनाही ते खुपलं असावं, कारण गोष्ट त्यांनी तिथे संपवली नाही. स्वर्गारोहण पर्वात युधिष्ठिर स्वर्गात जातो तर समोर दुर्योधन वैभवात बसलेला. आपली माणसं कुठे, असं विचारल्यावर देवदूत त्याला एका घाणेरड्या, अंधाऱ्या वाटेने नेतो. दुर्गंधीने कासावीस होऊन तो माघारी वळतो तोच आवाज येतात: थांब, तू आलास तशी गार झुळूक आली, तू उभा आहेस तोवर आमच्या यातना कमी होतात. तो विचारतो, कोण तुम्ही? कर्ण, भीम, अर्जुन, द्रौपदी अशी नावं ऐकू येतात. तेव्हा तो दूताला सांगतो, देवांना जाऊन कळव, मी इथेच राहतो. जो हिमालयात वळला नाही तो नरकात थांबला. त्याच्या हातून तिथे दुसरं काहीच होण्यासारखं नव्हतं. त्याचं नुसतं असणं त्यांना पुरत होतं.

मेम्फिसला यांचे मोठे बंधू स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी असलेल्या एका निवासात आहेत. ते आता यांना ओळखत नाहीत. “तुम्ही कुठले?” असं अदबीने विचारतात. हे सांगतात, “सांगलीचा.” “मीही सांगलीचा,” ते म्हणतात आणि त्यांचा चेहरा उजळतो. मग दोघं खिडकीशी बसतात. घाटावरचा गणपती, कृष्णेचा पूर, पुन्हा गणपती. आमच्या जाण्याने त्यांचं दुखणं बरं होत नाही, उद्या आम्ही आल्याचंही त्यांच्या लक्षात राहणार नाही. पण तिथली सेविका म्हणाली, त्या संध्याकाळी ते नीट जेवले. वेदान्ताचा वर्ग घेणाऱ्या त्या गृहस्थांना माझ्याकडे याहून वेगळं उत्तर नाही. या माणसांवर आमचा हक्क नाही, त्यांच्या संसारात आमचा शब्द चालावा ही हौसही मागे पडली आहे. लेकीच्या घरी नातीच्या जेवणावरून वाद झाला तर मी माझं मत एकदाच सांगते आणि ट्रेलरमध्ये येऊन चहा टाकते. त्यांचा संसार त्यांनी करावा. आम्ही दाराशी आहोत, आमचा अग्नी पेटलेला आहे, एवढं त्यांना ठाऊक असलं की झालं.

द्वैतवनात यक्षाने एकच भाऊ जिवंत करीन म्हटलं तेव्हा युधिष्ठिराने नकुल मागितला, सावत्र आई माद्रीचाही एक मुलगा असावा म्हणून. हिमालयात कुत्र्याचं रूप टाकून धर्मदेव प्रकट होतो तेव्हा तो त्याच प्रसंगाची आठवण काढतो. दोन्ही वेळा परीक्षा एकच होती: ज्याच्या वतीने बोलणारं कुणी नाही, तो तुझ्या हिशेबात आहे का?

पुढच्या हिवाळ्यात सांगलीला भाचीचं लग्न आहे. मोत्याचे मागचे पाय आता ट्रेलरची पायरी चढत नाहीत, हे त्याला उचलून घेतात. कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवा, महिन्याचा तर प्रश्न आहे, असं सगळे सांगतात आणि ते प्रेमानेच सांगतात. त्याची दृष्टी अधू झाली आहे, परक्या जागी तो खात नाही. यांचं तिकीट काढलं आहे. लग्नाला हे जातील. मी मोत्याजवळ राहणार आहे आणि भाचीला तसं फोन करून सांगितलं आहे.