सशांचे ऋण

चेन्नईजवळच्या आवडीचे नाव निघाले की रणगाड्यांचा कारखाना आठवतो. 1961 साली तो देशाच्या रक्षणासाठी उभा राहिला. परंतु रक्षणासाठी ठेवलेले सैन्यच आपल्या नगरावर चालून आले तर? मानवी देहात कधीकधी असेच घडते. ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’ या व्याधीत रोगजंतूंशी लढावयाची प्रतिपिंडे स्नायूंवरील ग्राहींवर हल्ला करतात. मज्जातंतूंचा निरोप स्नायूंना नीट पोहोचत नाही. पापण्या मिटू लागतात, घास गिळवत नाही, प्रसंगी श्वासही अडतो.

हे कारण उलगडण्यास ससे उपयोगी पडले. 1973 साली अमेरिकेत जिम पॅट्रिक व जॉन लिंडस्ट्रॉम यांनी विजेचा धक्का देणाऱ्या ईल माशाच्या शरीरातील हे ग्राही वेगळे काढून सशांना टोचले. सशांच्या शरीरात निर्माण झालेली प्रतिपिंडे त्यांच्याच स्नायूंवर उलटली व ससे लुळे पडले. रुग्णांना गुण देणाऱ्या औषधाने तेही काही काळ सावरले. त्या साम्यातून उपचारांना दिशा मिळाली.

हे न्याय्य होते काय? चेन्नईच्याच रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मुक्या प्राण्यांची बाजू मांडली व त्या प्रयत्नांतून 1960 चा कायदा आला. तो संशोधनास मुभा देतो. शस्त्रक्रियेत शक्यतो भूल द्यावी, असेही सांगतो. पण येथे दुर्बलता हीच पाहावयाची असते. शस्त्राची वेदना भुलीने टळते. दिवसेंदिवस वाढणारी शक्तिहीनता टळत नाही. कायद्याची मुभा म्हणजे सद्‌सद्‌विवेकाची सुटका नव्हे.

कोणी म्हणेल, देवानेच मनुष्याला पशूंवर सत्ता दिली. खरे, पण ती मालकाची नव्हे, कारभाऱ्याची आहे, आणि कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. चिमणीचाही विसर न पडणाऱ्या पित्याला सशाचा विसर कसा पडेल? दुसरा म्हणेल, असे सर्व प्रयोग थांबवा. त्याने ते घास न गिळवणाऱ्या मातेच्या खाटेशी उभे राहून म्हणावे.

यास्तव हे ऋण आहे, असे मानणेच प्रामाणिकपणाचे. ज्याचे उत्तर ठाऊक आहे तो प्रयोग पुन्हा करू नये. पेशींवर भागत असेल तेथे जीव घेऊ नये. यातना वाढण्याआधी थांबावे. आपण रुग्णांसाठी व डॉक्टरांसाठी प्रार्थना करतो. त्या प्रार्थनेत या मुक्या जीवांसाठी उपकारस्तुतीचा एक शब्द असावयास नको काय?