खजुराचे खोड

प्रिय भगिनी, सिझेरियनची तारीख ठरली आणि भुलीच्या भयाने तुमची झोप उडाली. याला ईमानची उणीव समजू नका. प्रसववेदनेत हजरत मरयम (अ.) यांनाही याआधीच मरण आले असते तर बरे, असे वाटले होते; कुरआनने ते लपविलेले नाही. त्यांची निर्भर्त्सना झाली नाही. पायाशी झरा मिळाला, मात्र खजुराचे खोड त्यांनाच हलवावयास सांगण्यात आले! तुमचे खोड हलविणे म्हणजे भूलतज्ज्ञांना जुने आजार, औषधांची ॲलर्जी, मनातील भीती निःसंकोच सांगणे. बहुधा पाठीत सुई देऊन शरीराचा खालचा भागच बधिर करतात. तुम्ही जाग्या असता, ओठांवर जिक्र असू शकतो, बाळाचे पहिले रडणेही ऐकू येते. आणि पतिराज, तिच्या भीतीला हसू नका. तपासणीस सोबत जा.