विरून जाणारा टेकू

परभणीजवळच्या आमच्या गावी माझा चुलत भाऊ शेती करतो. बैलगाडीवरून पडून त्याची नडगी मोडली, तेव्हा तिला पोलादी पट्टी बसविली होती. हाड सांधले, तो शेतात हिंडू लागला. पण दोन वर्षांनी पट्टी सलू लागली आणि ती काढण्यासाठी पुन्हा भूल, पुन्हा टाके, ऐन कापूसवेचणीत पुन्हा खाट! “जिनं उभं केलं तिच्यापायीच पुन्हा आडवं व्हायचं!” तो म्हणाला. मी हसलो, परंतु ते वाक्य मनातून जाईना.

शस्त्रवैद्यांच्याही मनात ते सलत असले पाहिजे. कारण काम झाले की शरीरातच विरून जाणारे खिळे नि पट्ट्या त्यांनी आता घडविल्या आहेत. त्यांतला एक पदार्थ लॅक्टिक आम्लाच्या लांब साखळीचा असतो. दह्याला आंबट करणारे तेच हे आम्ल. शरीरातल्या पाण्याने ही साखळी हळूहळू तुटते आणि अखेर तिचे पाणी नि कार्बन डायऑक्साइड होऊन जातात. मांडीच्या हाडाचा भार पेलायला अजून धातूच लागतो. लहान हाडांच्या कामी मात्र हा पाहुणा पुरतो.

युलिउस वोल्फ या जर्मन शस्त्रवैद्याने १८९२ साली सांगून ठेवले की, हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडविते. पोलादाने भार उचलला की खालचे हाड विरळ होते. टेकू फार राहिला की टेकणाराच दुबळा! उलट, १९०७ साली बेल्जियमच्या लांबोत्त याने बसविलेली मॅग्नेशियमची पट्टी आठ दिवसांतच विरली, कातडीखाली वायू साठला आणि प्रयोग फसला. टेकू लवकर गेला तरी घातच.

गरज असेतो टिकावे, गरज सरताच हटावे, हे पदार्थाला शिकविता आले. माणसाला येईल काय?

आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. विठ्ठल रात्री तिला दळू लागला आणि पहाटे घाईने निघताना आपले पदक तिथेच विसरला, अशी कथा आहे. चोरीचा आळ आला तो जनाबाईवर. तिला सुळावर देण्याचे ठरले. देवाच्या मदतीचीसुद्धा खूण मागे राहिली, तर ती मदत घेणाऱ्याच्या जिवावर उठली! सुटका झाली ती सुळाचेच पाणी झाले तेव्हा.

कोणी म्हणेल, खूण पुसली तर कृतज्ञतेचे काय? मला वाटते, कृतज्ञता घेणाऱ्याने जपायची असते. देणारा ती वसूल करू लागला की तिचे कर्ज होते.

हे लिहिताना मला माझा भाचा आठवतो. त्याच्या शिक्षणाचा खर्च तीन वर्षे मी केला. आज तो मिळवता आहे. तरी दर दिवाळीला तो पाया पडायला वाकला की, “तुझी फी भरायची तेव्हा...” हे शब्द माझ्या तोंडून निघतातच. तो मान खाली घालून ऐकतो. माझे पोलाद अजून त्याच्या हाडाला लागून आहे.

यंदाही बहीण माहेरी येईल, तिच्याबरोबर तोही येईल. त्याच्या पाठीवर हात ठेवून, फराळाला चल, एवढेच म्हणायचे मी ठरविले आहे. जमेल असे खात्रीने सांगवत नाही.