नरो वा कुंजरो वा आणि फॉर्मवरचा एक प्रश्न

आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५



आजच्या श्लोकात भगवंत वाणीचं तप सांगतात. दुसऱ्याला बोचणार नाही, खरं असेल, गोड असेल आणि हिताचंही असेल असं बोलणं, आणि जोडीला स्वाध्याय. हा श्लोक मी कितीदा वाचलाय. पण दर वेळी एक शंका यायचीच. साध्या बोलण्याला 'तप' एवढा मोठा शब्द कशाला? तप म्हणजे उपास, जागरण, काहीतरी अंगाला लागणारं. खरं बोलायला काय लागतं?

परवा एक फोन आला आणि शंका फिटली.

सध्या मी नाचणगावला घरी आहे, काम इथूनच चाललंय. रात्री मावशीच्या मुलाचा फोन आला. तो अमेरिकेत एमएसच्या पहिल्या वर्षाला आहे. तिकडे पुढच्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपचे अर्ज आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच सुरू होतात. शंभरावर अर्ज झाले, म्हणाला. बहुतेकांचं उत्तर नाही, काहींचा नकार तासाभरात. आणि त्याचं कारण त्याच्या मते एकच होतं.

फॉर्मवर दोन प्रश्न असतात. पहिला, इथे काम करायची कायदेशीर परवानगी आहे का? दुसरा, आता किंवा पुढे कधी कंपनीने व्हिसा स्पॉन्सर करावा लागेल का? दुसऱ्याला 'हो' म्हटलं की कितीतरी ठिकाणी अर्ज तिथंच बाजूला पडतो.

"दादा, इंटर्नशिपसाठी कंपनीला काहीच करावं लागत नाही. एक शैक्षणिक वर्ष झालं की परवानगी कॉलेजच देतं. मग 'नाही' लिहिलं तर खोटं कुठं आहे त्यात? रूमवरची सगळी पोरं तेच लिहितात."

मी लगेच काही बोललो नाही. कारण दहा-अकरा वर्षांपूर्वी हाच युक्तिवाद मी स्वतःशी केला होता आणि 'नाही'वर टिक केली होती.

माझ्या तीन फेऱ्या छान झाल्या. मग तिथल्या एचआरच्या बाईंचा फोन आला आणि त्यांनी तोच प्रश्न तोंडी विचारला. फॉर्मवर टिक करणं सोपं होतं. समोर माणूस आल्यावर जीभ वळेना. "हो, पुढे लागेल," म्हटलं. त्या म्हणाल्या, "फॉर्मवर तर तुम्ही 'नाही' लिहिलंय." रागावल्या नाहीत, फक्त थांबल्या. मग मी सगळे नियम समजावून सांगितले. सगळे खरे होते, पण माझ्या खऱ्यालाही आता वजन उरलं नव्हतं. ती जागा गेली. जागेचं दुःख महिनाभरात विसरलो. त्यांचं ते थांबणं अजून आठवतं.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: नरो वा कुंजरो वा. धर्मराज तरी काय खोटं बोलले? अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मारला गेला होता. 'हत्ती' हा शब्दही ते बोलले, फक्त हळू. द्रोणाचार्यांनी मात्र त्यांच्या शब्दावर शस्त्र खाली ठेवलं. महाभारत सांगतं की तोवर धर्मराजांचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा. त्या दिवशी तो जमिनीला टेकला.

मला यात एक गोष्ट फार उशिरा कळली. ते अर्धसत्य चाललं, कारण बोलणारे धर्मराज होते. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर द्रोणांनी विश्वास ठेवला नसता. म्हणजे खोटं हे नेहमी आधी साठवलेल्या खऱ्याच्या जिवावर चालतं. फॉर्मचंही तसंच. मी 'नाही' लिहिलं तेव्हा माझ्या आधी खरं लिहून गेलेल्यांनी जमवलेला विश्वास मी खर्च केला. माझ्यानंतर वर्ध्याची एखादी मुलगी तिथे अर्ज करेल, तेव्हा त्या बाई तिच्याकडे जरा जास्त संशयाने बघतील. तिचा काय दोष?

प्रश्नातले शब्दही बघा: 'आता किंवा पुढे'. विचारणाऱ्याला काय जाणून घ्यायचंय ते आपल्याला पक्कं ठाऊक असतं. त्याने चुकीचं समजावं म्हणूनच आपण शब्द निवडतो. मग शब्द खरे असून उपयोग काय?

सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यातलं, म्हणून गांधीजींची गोष्ट आठवते. १८८८ मध्ये ते शिकायला लंडनला गेले. तेव्हा तिथली आपली मुलं लग्न झाल्याचं लपवायची, तेही लपवू लागले. पुढे ओळखीच्या एक वृद्ध बाई त्यांची एका तरुणीशी गाठ घालून देऊ लागल्या, तेव्हा त्यांनी बाईंना पत्र लिहून टाकलं: माझं लग्न झालंय, मुलगाही आहे. आत्मचरित्रात हे सगळं आहे. विलायतेत शिकणारा, 'सगळेच करतात' म्हणून गप्प बसणारा एक मुलगाच होता तो. बाई रागावल्या नाहीत, उलट हसल्या. पण पत्र टाकताना त्या हसतील हे त्याला कुठं माहीत होतं?

इथे स्वतःलाही बजावतो. भावावर पंचवीस लाखांचं कर्ज आहे, घर बँकेकडे आहे. पगार सुरू असलेल्या माणसाने त्याला सत्य शिकवणं सोपं आहे. 'नाही' लिहिणाऱ्या पोरांना मी वाईट म्हणणार नाही, मीही त्यातलाच. आणि "खरं लिही, देव भलं करेल" असंही म्हणणार नाही. मला पुढे प्रोफेसरांकडे लॅबचं काम मिळालं, पण ते खरेपणाचं बक्षीस नव्हतं. खरं बोलून नोकरी मिळते म्हणून खरं बोलणं ही गुंतवणूक झाली. खरं बोलून जागा जाऊ शकते आणि तरी बोलायचं, हे अंगाला लागतं. म्हणूनच भगवंत त्याला तप म्हणतात.

पण श्लोकात 'हित'ही आहे. खरं म्हणजे नुसता 'हो' टाकून मोकळं होणं नव्हे. त्याला म्हटलं, 'हो' लिही आणि खाली जागा असेल तिथे नीट मांड: इंटर्नशिपला कंपनीचा खर्च नाही, डिग्रीनंतर बारा महिने आणि आपल्या शाखेला आणखी चोवीस, असे छत्तीस महिने स्पॉन्सरशिपशिवाय काम करता येतं. करिअर फेअरला जाऊन माणसांशी बोल. आपलं खरं चांगल्या शब्दांत सांगायला कुणाची बंदी नाही.

"बघतो दादा," म्हणाला. काल मेसेज आला: 'सहा फॉर्म भरले. हो लिहिलं.' अजून कुठूनच उत्तर नाही.

आजचा संकल्प: आज एकदा तरी स्वतःला विचारू या, मी जे बोललो त्यातून समोरच्याला खरं कळलं, की नुसते खरे शब्द ऐकू आले?

पांडुरंगा, त्या पोराच्या पाठीशी राहा. फळ तुझ्या हाती. त्याची जीभ तेवढी सरळ राहू दे, आणि माझीही.

रामकृष्ण हरी.