मुद्रा कोणाची? सहयोग, सामूहिकता आणि उत्तरदायित्व

‘सहयोगी निर्मिती’ आणि ‘सामूहिक निर्मिती’ या दोन संज्ञा समकालीन कलाव्यवहारात पुष्कळदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. दोहोंत अनेक हात गुंतलेले असतात, एवढ्याच साम्यावर हा वापर उभा आहे. वस्तुतः हातांची संख्या हा येथे व्यवच्छेदक निकष ठरू शकत नाही. सहयोगात दोन किंवा अधिक निर्माते आपापले वेगळेपण राखून एका विशिष्ट कृतीपुरते एकत्र येतात. कोणाचा वाटा कोणता हे, निदान तत्त्वतः, सांगता येते. सामूहिकतेत वाट्यांची ही भाषाच बाजूला सारली जाते आणि निर्मितीचा कर्ता ‘आम्ही’ असतो. हा भेद केवळ कार्यपद्धतीचा आहे, की त्यात एखादा नैतिक प्रश्न गुंतलेला आहे, हे तपासण्यासाठी दागिन्यांचे क्षेत्र विशेष सोयीचे आहे. कारण दागिना बहुधा अनेक हातांतून जातो, आणि त्यावर कोणाची तरी मुद्रा उमटविण्याची प्रथाही जुनी आहे.

साल्वादोर दाली यांनी १९४१ ते १९७० या काळात कल्पिलेले दागिने न्यूयॉर्कमधील कार्लोस आलेमानी या सुवर्णकाराच्या कार्यशाळेत घडले. माणकांनी मढविलेले, यंत्राच्या साहाय्याने धडधडणारे ‘रॉयल हार्ट’ (१९५३) हे त्यांतील प्रसिद्ध उदाहरण होय. रेखाटन दालींचे, परंतु सोन्यात स्पंदन साकार करणे ही केवळ रेखाटनाच्या कक्षेतील गोष्ट नव्हे. तरीही आज फिगेरास येथे हा संग्रह दालींच्या नावाने ओळखला जातो. कल्पना म्हणजे कर्तृत्व आणि हात म्हणजे अंमलबजावणी, ही उतरंड सहयोगाने आपोआप मोडत नाही, हे येथे लक्षात घ्यायला हवे. याउलट योसेफ होफमान व कोलोमान मोझर यांनी १९०३ मध्ये व्हिएन्नात स्थापन केलेल्या ‘वीनर वेर्कश्टेटे’ या कार्यशाळेच्या धातुवस्तूंवर कार्यशाळेचे चिन्ह, रचनाकाराची आद्याक्षरे आणि घडविणाऱ्या कारागिराची आद्याक्षरे अशा वेगवेगळ्या मुद्रा आढळतात. संस्था, कल्पना आणि हात या तिहींची दखल तेथे एकाच पृष्ठभागावर घेतली गेली. अर्थात, नाव मिळाले म्हणजे रचनेत फेरफार करण्याचा अधिकारही मिळाला, असे नव्हे.

सामूहिकतेलाही अनेक स्तर आहेत. ऑकलंड येथे १९७४ मध्ये दागिने घडविणाऱ्या काही कलावंतांनी मिळून सुरू केलेल्या ‘फिंगर्स’ या दालनात जागा सामायिक, दागिना मात्र ज्याच्या त्याच्या नावाचा. ही साधनांची सामूहिकता झाली. २०१९ मध्ये टर्नर पारितोषिकाच्या अंतिम यादीतील चारही कलावंतांनी परीक्षकांना विनंती करून ते पारितोषिक एकत्रितपणे स्वीकारले. कलाकृती स्वतंत्र होत्या. सामायिक झाले ते श्रेय. प्रश्न उरतो तो तिसऱ्या स्तराचा, म्हणजे उत्तरदायित्वाचा. श्रेय वाटून घेणारा ‘आम्ही’ दोषारोपाच्या क्षणीही तसाच अखंड राहतो काय?

या प्रश्नाला २०२२ मध्ये कासेल येथे भरलेल्या पंधराव्या डॉक्युमेंटाने तीव्र रूप दिले. प्रदर्शनाचे संयोजन जाकार्तामधील ‘रुआंगरूपा’ या समूहाकडे होते आणि तांदळाच्या सामायिक कोठाराची, ‘लुंबुंग’ची, कल्पना त्यांनी प्रदर्शनाचे तत्त्व म्हणून स्वीकारली होती. तेथे लावलेल्या ‘तारिंग पादी’ या समूहाच्या २००२ मधील भव्य चित्रफलकात ज्यूद्वेषी प्रतिमा आढळल्या. फलक आधी झाकला गेला, मग उतरविला गेला. दोन्ही समूहांनी क्षमा मागितली. पुढे जुलैमध्ये प्रदर्शनसंस्थेच्या महासंचालिकेने पद सोडले. क्षमा अनेकवचनात मागता आली. पद मात्र एकवचनातच सोडावे लागले. या घटनेचे दोन अन्वयार्थ संभवतात. समूहनामाच्या आड व्यक्ती सुरक्षित राहिली, असे म्हणता येईल. किंवा आक्षेपार्ह आकृती नेमकी कोणाच्या हातची हे न सांगता साऱ्यांनीच दोष पत्करला, असेही म्हणता येईल. दुसरा अन्वयार्थ अधिक न्याय्य वाटतो. मात्र दोष पत्करणे म्हणजे तो कसा घडला याचा विचार टाळणे नव्हे, ही अट त्याला जोडावी लागते.

मिशेल फूको यांनी १९६९ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात लेखकनामाचा उगम शिक्षेच्या शक्यतेशी जोडला होता: संहितेसाठी कोणाला तरी दंड करता येऊ लागला, तेव्हा तिला लेखक लाभला. दागिन्यांच्या व्यवहारात हेच सूत्र उघडपणे दिसते. ब्रिटनच्या १९७३ च्या हॉलमार्क कायद्यानुसार दागिन्यावर जी नाममुद्रा उमटते, ती घडविणाऱ्याचीच असली पाहिजे असे नाही. तो दागिना परीक्षणासाठी सादर करणाऱ्याची ती असते. ‘हे कोणी केले?’ आणि ‘याला जबाबदार कोण?’ हे दोन प्रश्न कायद्याने वेगळे केले आहेत. मराठी अभ्यासकाला ही गुंतागुंत अपरिचित नाही. ‘नामा’ या मुद्रेचे सारेच अभंग एका नामदेवांचे मानता येत नाहीत, आणि एकनाथांनी आपल्या मुद्रेत गुरूचे नाव गुंफले ते काही गुरूने पदे रचली म्हणून नव्हे. मुद्रा कर्तृत्वाइतकीच निष्ठेची आणि ऋणाचीही खूण असू शकते.

तेव्हा सहयोग आणि सामूहिकता यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न गौण ठरतो. दोहोंची ऋणे वेगळी आहेत. सहयोगाचे ऋण नामनिर्देशाचे: हाताचा वाटा हाताच्या नावे नोंदविण्याचे. सामूहिकतेचे ऋण उत्तरदायित्वाचे: श्रेयासाठी सोडलेली वाट्यांची भाषा दोषाच्या वेळी पुन्हा न उचलण्याचे. परंतु या दोन्ही संकल्पना स्वेच्छेने एकत्र येणाऱ्यांना गृहीत धरतात. जयपूरच्या कुंदन-मीनाकामात चितेरा, घडिया, मीनाकार आणि जडिया यांच्या हातांतून एकच दागिना क्रमाने पुढे सरकतो. मजुरीवर काम करणाऱ्या अशा कारागिराला ना सहयोगी म्हटले जाते, ना समूहाचा घटक. त्याचे नाव दागिन्यावर नसते आणि ‘आम्ही’ म्हणण्याचा अधिकारही त्याला कोणी दिलेला नसतो. समकालीन कलावंतांच्या ‘आम्ही’ची व्याप्ती त्याच्यापर्यंत पोहोचते की नाही, यावरच त्या सर्वनामाची नैतिक किंमत ठरेल.