फांदीवरचा दुसऱ्याचा वाटा

ख्रिसमसच्या सुमारास इंग्लंडमधल्या घरांच्या दारांवर, चर्चच्या खांबांवर, शेकोटीच्या वरच्या फळीवर हॉलीच्या फांद्या दिसू लागतात. गडद हिरवी, चकचकीत, काटेरी पाने आणि त्यांच्या बेचक्यांत वाटाण्याएवढ्या लालभडक फळांचे झुपके. या फांदीचा अर्थ सांगायचा म्हटला की बहुतेक जण थेट ड्रुइड पुरोहितांपर्यंत मागे जातात, जणू प्रतीकाचे मोल त्याच्या वयावरून ठरते. मला हे पटत नाही. ऐन थंडीत हे झाड जिवंत दिसते आणि त्याच्या फळांवर माणसाखेरीज इतरांचाही हक्क असतो, यातून या फळांना अर्थ येतो. म्हणूनच हॉलीचे प्रतीक जपणे आणि हॉलीचे झाड जपणे ही दोन वेगळी कामे नाहीत, असे माझे म्हणणे आहे.

आधी वयाचा दावा तपासून पाहू. हॉली घराजवळ लावली की चेटूक दूर राहते, ही समजूत रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवली आहे, त्यामुळे या झाडाभोवतीची श्रद्धा जुनी आहे यात शंका नाही. मात्र वर्षाच्या दोन अर्ध्यांवर राज्य करणारे ‘ओक राजा’ आणि ‘हॉली राजा’ आज प्राचीन म्हणून सांगितले जातात, ते लोकांपर्यंत पोचले रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या १९४८ सालच्या ‘द व्हाइट गॉडेस’ या पुस्तकातून. ख्रिसमसच्या सजावटीचा भक्कम पुरावा मिळतो तो बराच अलीकडचा. ख्रिसमसला लंडनमधली घरे आणि चर्च हिरव्या फांद्यांनी सजवली जात, असे जॉन स्टो यांनी १५९८ मध्ये लिहून ठेवले. पुढे प्युरिटनांचे वर्चस्व असलेल्या पार्लमेंटने १६४७ मध्ये ख्रिसमसचा सण रद्द केला, तेव्हा कँटरबरीत दंगल उसळली आणि लोकांनी आपापल्या दारात हॉली लावली. त्या दिवशी त्या फांदीला जो अर्थ आला, तो कोणत्याही पुरोहिताकडून आलेला नव्हता. सण हिरावून घेणाऱ्या सत्तेला दिलेले ते उघड उत्तर होते. अर्थ माणसे घडवतात आणि काळाप्रमाणे पुन्हा घडवतात. तो खरा ठरायला दोन हजार वर्षांचा दाखला लागत नाही.

मग अर्थाला आधार कशाचा? झाडाच्या वर्षाचा. हॉलीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. फळे फक्त मादी झाडाला येतात, तीही जवळपास नर झाड असेल आणि मे महिन्यात पांढरी बारीक फुले उमलली असताना मधमाश्यांनी परागकण इकडून तिकडे नेले असतील तर. फळे भरपूर आली की हिवाळा कडक जाणार, असे तिथले जुने लोक सांगत. खरे तर फळांचा बहर भविष्य सांगत नाही. फुलोरा कसा झाला आणि मधमाश्यांना कसे दिवस मिळाले, याचा तो हिशोब असतो. सेसिल शार्प यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘द हॉली अँड द आयव्ही’ हे ख्रिसमसगीत फूल, फळ, काटा आणि साल असे एकेक घेत ख्रिस्ताच्या जन्माशी जोडत जाते. डिसेंबरात गायल्या जाणाऱ्या गाण्यात मे महिन्यातले फूल येते, याचा अर्थ ते रचणाऱ्यांना सजावटीच्या फांदीमागचे अख्खे झाड ठाऊक होते.

याच फळांवर दुसऱ्या कुणाचे तरी पोट अवलंबून असते. मिसल थ्रश नावाचा, छातीवर ठिपके असलेला मोठा कस्तूर शरद ऋतूत फळांनी लगडलेले एखादे हॉलीचे झाड निवडतो आणि त्याची राखण करतो. जवळ येणाऱ्या प्रत्येक पक्ष्यावर कर्कश आवाज करत धावून जातो आणि स्वतः मात्र बेताबेताने खातो. बार्बरा आणि डेव्हिड स्नो या दांपत्याने दक्षिण इंग्लंडमध्ये ही राखण बारकाईने पाहिली आणि ‘बर्ड्स अँड बेरीज’ या १९८८ सालच्या पुस्तकात मांडली. राखणीतल्या झाडावरची फळे हिवाळा सरत आला तरी टिकतात, तर शेजारची बिनराखणीची झाडे केव्हाच रिकामी झालेली असतात. थंडी फार वाढली, की स्कँडिनेव्हियाकडून आलेल्या फील्डफेअर आणि रेडविंग पक्ष्यांचे थवे झाडावर तुटून पडतात आणि एकट्या राखणदाराचे काही चालत नाही. शोभेची म्हणून आपण जी लाली पाहतो, ती या पक्ष्यांची उपासमारीच्या दिवसांची शिदोरी आहे.

यावर सरळ आक्षेप येईल की मग फांद्या तोडूच नयेत, प्लास्टिकची हॉली लावावी. या आक्षेपामागची कळकळ खरी आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकतो. श्रॉपशरमधल्या स्टिपरस्टोन्स टेकड्यांवर शेकडो वर्षांच्या हॉलींची राई आजही उभी आहे. इंग्लंडात अनेक ठिकाणी हिवाळ्यात गुरामेंढ्यांना हॉलीचा पाला घालत आणि त्यासाठी फांद्या वारंवार छाटत. छाटणीचा उपयोग होता म्हणून तर झाडे राखली गेली. वरच्या फांद्यांची पाने बहुधा बिनकाट्यांची असतात, हे पाला तोडणाऱ्यांना अनुभवाने माहीत होते. प्राण्यांनी पाला ओरबाडला की झाड अधिक काटेरी पाने काढते आणि त्या पानांच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणाही वेगळ्या असतात, असे स्पेनमधल्या संशोधकांना २०१३ च्या सुमारास आढळले. माणूस आणि हे झाड यांचे नाते घेण्याचेच होते, पण त्या घेण्याला माप होते. प्लास्टिकच्या फांदीला कसलेच माप लागत नाही, कारण तिच्यामागे झाड नाही, मधमाशी नाही, राखणदार पक्षीही नाही. तिथे उरतो फक्त रंग.

हे माप कात्रीच्या टोकाशी ठरते. हॉलीला फुले येतात ती आदल्या वर्षी वाढलेल्या डहाळीवर. म्हणजे डिसेंबरात फळांचा झुपका असलेली फांदी कापली, की फळांच्या पुढे वाढलेले यंदाचे कोवळे शेंडेही जातात आणि पुढच्या मे महिन्यातल्या फुलांची जागाच नाहीशी होते. एका कापणीत दोन वर्षांची फळे जातात. झाड सावकाश वाढणारे असल्याने ही तूट लवकर भरून येत नाही. म्हणून जाणता माळी एका बाजूने झाड बोडके करत नाही. चहूबाजूंनी थोड्या थोड्या डहाळ्या घेतो आणि बरीच फळे झाडावरच ठेवतो. कापलेल्या फांद्या थंड जागी पाण्यात ठेवल्या तर फळे बरेच दिवस तजेलदार राहतात. तापवलेल्या खोलीत ती लवकर सुरकुततात. ती खाल्ली तर उलट्या होतात, त्यामुळे गुच्छ लहान मुलांच्या हाताला लागेल असा टांगू नये. वूस्टरशरमधल्या टेनबरी वेल्स गावी ख्रिसमसआधी हॉली आणि मिसलटो नावाच्या बांडगुळाचे लिलाव भरतात आणि तिथे मोल चढते ते फळांनी भरलेल्या मोळीला. मोल आहे म्हणूनच मापाची गरज आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत, सजावटीसाठी हीच युरोपीय हॉली लावली गेली. पक्ष्यांनी फळे खाऊन बिया जंगलात पसरवल्या आणि आज तिथे ती उपद्रवी वनस्पती ठरली आहे. मग पक्ष्यांसाठी फळे राखा हा नियम कुठे गेला? तो नियम झाडाचा नाही, जागेचा आहे. जिथे झाड मूळचे आहे, तिथे मोजून घेणे शहाणपणाचे; जिथे ते आगंतुक आहे, तिथे फळांसकट सगळेच कापणे योग्य. दोन्हीकडे गुण एकच लागतो, समोरचे झाड आणि त्याचे शेजारी ओळखण्याचा. दसऱ्याला आपट्याच्या फांद्या ओरबाडल्या जाताना पाहणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. सोने म्हणून एक पान हातावर ठेवायचे असते. त्यासाठी फांदी मोडावी लागली, तर पानाचा अर्थ तिथेच हरवतो. इंग्लंडमधल्या दारावरचा गुच्छ रिवाजाप्रमाणे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उतरवला जातो. फेब्रुवारीच्या बर्फात तो कस्तूर अजून आपल्या झाडावर बसलेला असतो, आणि डिसेंबरात कात्री कुठे थांबली होती यावर त्याचे पुढचे दिवस अवलंबून असतात.